सही-शिक्क्याची नोटीस ऐकू कशी येणार? नगरपरिषदेचं संकेतस्थळ दिव्यांगांना वापरता यावं म्हणून

एक नेहमीची सूचना घ्या. नगरपरिषदेने स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवलेला असतो आणि त्यातून अर्थसाहाय्य देण्यासाठी अर्ज मागवायचे असतात. टेबलावर मजकूर टाइप होतो, प्रिंट निघते, मुख्याधिकाऱ्यांची सही होते, गोल शिक्का बसतो, जावक क्रमांक पडतो. मग तो कागद स्कॅनरवर ठेवून त्याची पीडीएफ केली जाते आणि संकेतस्थळावर चढवली जाते. फाइलचं नाव 'स्कॅन ००४७'. ज्यांच्यासाठी ही सूचना काढली त्यांच्यातला एखादा अंध माणूस ती उघडतो, तेव्हा त्याच्या संगणकावरचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन, सांगतो की पान कोरं आहे. संगणक खोटं बोलत नाही. त्या फाइलमध्ये अक्षरं नाहीतच, अक्षरांचा फोटो आहे.

संकेतस्थळ सुगम्य करायचं म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच कंत्राटदार, नवं सॉफ्टवेअर आणि वरच्या कोपऱ्यातली अक्षरं लहानमोठी करण्याची बटणं यांच्याकडे वळते. त्या गोष्टी लागतात, पण घोळ तिथे होत नाही. तो होतो नोटीस चढवणाऱ्या टेबलावर, आणि रोज होतो. अगदी चोख बांधलेलं संकेतस्थळसुद्धा सहा महिने स्कॅन केलेल्या पीडीएफ चढवत राहिलं की अंध माणसासाठी बंद पडल्यासारखंच असतं. म्हणून हा लेख आधी त्या टेबलावरच्या लिपिकासाठी आहे, मग संगणक अभियंत्यासाठी आणि शेवटी कंत्राटावर सही करणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांसाठी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण फाइलवर टिपणी लिहिताना तो आधार लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे आणि कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दल आहे. सेवा पुरवणाऱ्यांना नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत होती; नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०१९ मध्येच उलटली. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. 'ही फक्त मार्गदर्शक तत्त्वं आहेत' ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणातल्या निकालात बंद केली. सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचे हवेत, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला गेला. तांत्रिक मापं कुठली पाळायची हेही ठरलेलं आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे 'जीआयजीडब्ल्यू'ची तिसरी आवृत्ती, ही 'डब्ल्यूसीएजी २.१' या जागतिक निकषांच्या 'एए' पातळीवर बेतलेली आहे. त्याच्या जोडीला भारतीय मानक 'आयएस १७८०२' आहे. टिपणीत एवढं आलं तरी पुरे.

नोटीस: टाइप करण्यापासून चढवण्यापर्यंत

पहिला प्रश्न फॉन्टचा. अनेक कार्यालयांत अजून जुने फॉन्ट चालतात. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख यांच्या जुन्या पठडीत वर्षानुवर्षं हात बसलेला असतो. या फॉन्टमध्ये डोळ्यांना 'नगरपरिषद' दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन माळ असते. स्क्रीन रीडर तीच माळ वाचून दाखवतो. ऐकणाऱ्याला एक अक्षर कळत नाही, आणि गूगलवर शोधणाऱ्या डोळस माणसालाही ती नोटीस सापडत नाही. तेव्हा टायपिंग युनिकोडमध्येच हवं. हात जुन्या कळफलकावर बसला असेल तर युनिकोडमध्येही तोच कळफलक देणारी साधनं मिळतात. लिपिकाला पुन्हा टायपिंग शिकायला लावायची गरज नाही. जुना मजकूर रूपांतरित केलात तर 'ऱ्या', रफार, 'ळ' आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. रूपांतर हमखास तिथेच अडखळतं.

दुसरा प्रश्न: युनिकोडमध्ये टाइप केलं, आता पीडीएफ करायची की नाही? माझा सल्ला सरळ आहे. नोटिशीचा मजकूर आधी संकेतस्थळाच्या पानावर मजकूर म्हणून चिकटवा, आणि सही-शिक्क्याची प्रत त्याखाली जोडपत्र म्हणून द्या. कारण देवनागरी आणि पीडीएफ यांचं फारसं जमत नाही. पीडीएफ बनताना काना-मात्रा आणि जोडाक्षरं कधी कधी अशा पद्धतीने साठवली जातात की पडद्यावर सगळं नीट दिसतं, पण आत अक्षरांचा क्रम विस्कटलेला असतो. याची परीक्षा मिनिटभरात होते. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे शब्द तुटलेले दिसले, वेलांट्या भलत्याच अक्षराला लागल्या, तर ऐकणाऱ्यालाही तसंच ऐकू येणार. काहीच निवडता आलं नाही, तर ते चित्र आहे. ही एक सवय टेबलावर लागली तरी निम्मं काम झालं असं समजा.

सहीचं काय, हा प्रश्न लगेच येतो आणि तो रास्त आहे. कागद खरा आहे हे लोकांना दिसायला हवं. त्याला दोन उत्तरं आहेत. एक वर सांगितलं: मजकूर पानावर, सही केलेली प्रत खाली. दुसरं जास्त चांगलं. मजकूर असलेल्या पीडीएफवर थेट डिजिटल सही करा. कागद प्रिंटही होत नाही आणि स्कॅनही होत नाही, आतली अक्षरं शाबूत राहतात.

पीडीएफ करायचीच असेल तर ती वर्डमधून 'सेव्ह ॲज' वापरून करा, 'प्रिंट टू पीडीएफ' वापरू नका. प्रिंटच्या वाटेने गेलेली फाइल आपली रचना गमावते. शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, तक्ता कुठे सुरू होतो, हे काहीच उरत नाही. वर्डच्या पर्यायांत रचनेचे टॅग ठेवण्याची खूण असते आणि लिब्रेऑफिसमध्येही 'टॅग्ड पीडीएफ'चा पर्याय आहे. ती खूण केलेली असू द्या. आणि शीर्षक ठळक करून मोठं करणं म्हणजे शीर्षक देणं नव्हे. वर्डमधल्या 'हेडिंग १', 'हेडिंग २' या शैली वापरा. डोळस माणूस पानावरून नजर फिरवून हवा तो भाग शोधतो; स्क्रीन रीडर वापरणारा एक कळ दाबत शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतो. शीर्षकंच नसतील तर त्याला पान पहिल्या शब्दापासून ऐकावं लागतं.

तक्ते खूप सांभाळा. मालमत्ता कराचे दर, पाणीपट्टी, प्रभागनिहाय आरक्षण हे सगळं आपल्याकडे तक्त्यात असतं. स्पेसबार दाबून जुळवलेला तक्ता ऐकताना आकड्यांची रांग होते. खरा तक्ता घाला, पहिली ओळ शीर्षकांची म्हणून नोंदवा आणि रकाने एकमेकांत विलीन करण्याचा मोह टाळा. मग स्क्रीन रीडर 'निवासी, वार्षिक दर, अमुक रुपये' असं जोडीने वाचतो. तक्त्याचा फोटो तर अजिबात चढवू नका.

जुन्या फाइलींचा डोंगर पाहून घाबरायला होतं. सगळ्या एकदम करायला जाऊ नका, तसं ठरवणारे पहिल्या महिन्यातच थांबतात. आधी जे आजही लागू आहे ते घ्या: कराचे दर, अर्जांचे नमुने, नागरिकांची सनद, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खालची स्वयंप्रकटनाची माहिती, चालू योजना. टेसरॅक्टसारखं मोफत ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन मराठी वाचतं. स्वच्छ छापलेल्या कागदावर ते बरं काम करतं, शिक्का बसलेल्या ओळीवर चुकतं, तेव्हा माणसाने एकदा वाचायला हवंच. दहा वर्षांपूर्वीच्या निविदा संग्रहात राहू द्या आणि तिथे लिहा की कोणाला वाचता येईल अशी प्रत हवी असल्यास अमुक पत्त्यावर मागा, इतक्या दिवसांत देऊ. मात्र तसं लिहिलंत तर द्या.

या टेबलावरची आणखी एक गोष्ट. निवड झालेल्या दिव्यांग लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांक आणि बँक खात्यासकट संकेतस्थळावर लावण्याची खोड काही ठिकाणी आहे. यादी सुगम्य करण्याआधी तिच्यातले ते रकाने काढून टाका. आधार क्रमांक असा जाहीर करायला आधार कायद्यातच मनाई आहे.

मराठी, जी एकदा ऐकून कळेल

आता खुद्द मजकूर. आपल्या सूचनांची ठरलेली भाषा अशी असते: 'उपरोक्त विषयास अनुसरून नगरपरिषद कार्यक्षेत्रातील पात्र दिव्यांग लाभार्थ्यांना सूचित करण्यात येते की, सदर योजनेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्यांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत या कार्यालयास सादर करावेत.' हे वाक्य डोळ्यांनी वाचतानाही दोनदा वाचावं लागतं. कानाने ऐकणाऱ्याचे हाल जास्त, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तोवरचा सगळा ऐवज त्याला डोक्यात धरून ठेवावा लागतो. आणि एवढं करून हाती काय लागतं? तारीख नाही, जागा नाही, कागद कोणते तेही नाही.

तेच असं लिहून पाहा: 'शहरात राहणाऱ्या आणि यूडीआयडी कार्ड असलेल्या दिव्यांग व्यक्तींनी ३१ जुलैपर्यंत अर्ज करावा. अर्ज ऑनलाइन करता येईल किंवा नगरपरिषदेच्या समाजकल्याण विभागात आणून देता येईल. सोबत तीन कागद जोडा: यूडीआयडी कार्डाची प्रत, रहिवासी पुरावा, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत.' वाक्यं छोटी झाली, आणि लिहिताना आपल्यालाही कळलं की मूळ मसुद्यात काय राहून गेलं होतं. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलाच्या आईला, मराठी नुकतंच शिकलेल्या परप्रांतीयाला आणि जन्मापासून बहिऱ्या असलेल्या, सांकेतिक भाषेत वाढलेल्या माणसाला या दुसऱ्या मजकुराचाच उपयोग होतो. बहिऱ्या व्यक्तीला वाचता येतं म्हणजे कार्यालयीन मराठी समजते असं धरून चालू नका. अनेकांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते.

नोटिशीचं नावही माणसाला कळेल असं द्या. संकेतस्थळावर 'जा.क्र./सकवि/प्र.क्र. ४५' असं शीर्षक पाहून कोणाला काय कळणार? 'दिव्यांग अर्थसाहाय्य: अर्ज ३१ जुलैपर्यंत' असं लिहा आणि जावक क्रमांक आत ठेवा. दुव्यांचंही तसंच. एका पानावर तीस ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे 'डाउनलोड', हे दृश्य ओळखीचं आहे. स्क्रीन रीडर वापरणारा दुव्यांची यादी वेगळी काढून ऐकतो, तेव्हा त्याला ऐकू येतं: डाउनलोड, डाउनलोड, डाउनलोड. दुव्यातच नाव घाला: 'नळजोडणीचा अर्ज, पीडीएफ, २ पानं'.

छायाचित्रांना पर्यायी मजकूर लागतो आणि तो मराठीतच हवा. 'फोटो १' लिहून काहीच साधत नाही. 'नव्या उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळचा उतार' यातून काही कळतं. नक्षी, किनार, शोभेची चित्रं यांचा पर्यायी मजकूर रिकामा सोडायचा असतो, म्हणजे स्क्रीन रीडर ती ओलांडून पुढे जातो. प्रभागाच्या नकाशाला मात्र चार शब्दांचा मजकूर पुरत नाही. त्याखाली हद्दी शब्दांत लिहा: उत्तरेला कोणता रस्ता, पूर्वेला कोणता नाला, कोणत्या गल्ल्या आत येतात. प्रभाग रचनेच्या अधिसूचनेत हे वर्णन असतंच. तिथून उचलून पानावर टाकायचं, इतकंच. आणि आजकाल व्हॉट्सॲपवर फिरवायला बनवलेलं रंगीत पोस्टर तेच संकेतस्थळावर लावायची पद्धत पडली आहे. पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची बातमी नुसत्या पोस्टरमध्ये असेल, तर ज्याला ते दिसत नाही त्याच्या घरी त्या दिवशी पाणी भरलेलं नसेल.

संगणक अभियंत्याचं काम

इथून पुढचं काम बहुतेक एकदाच करायचं आहे. पानाच्या संहितेत भाषा मराठी असल्याचं नोंदवलेलं हवं. अनेक मराठी संकेतस्थळं तिथे इंग्रजी सांगतात, कारण मूळ साचा इंग्रजी होता. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचायला जातो आणि काही आवाज देवनागरी आली की गप्पच बसतात. 'एनव्हीडीए' हा मोफत स्क्रीन रीडर आणि अँड्रॉइडमधला टॉकबॅक, दोघांनाही मराठी आवाज मिळतो. आपण फक्त त्यांना भाषा खरी सांगायची.

मग माउस बाजूला काढून ठेवा. टॅब कळ दाबत मुखपृष्ठावरून मालमत्ता कराच्या पावतीपर्यंत जाऊन दाखवा. कळ दाबल्यावर आपण कुठे आहोत ते चौकटीने ठळक दिसतं का? वरचा मेनू उघडतो का, आणि उघडला तर बंद होतो का? एखाद्या खिडकीत अडकून बाहेरच पडता येत नाही असं होतं का? दर पानावर मेनूतले चाळीस दुवे ओलांडायला लागू नयेत म्हणून 'थेट मजकुराकडे' असा दुवा सुरुवातीला हवा. हात थरथरणाऱ्या, एकच हात चालणाऱ्या किंवा तोंडात काडी धरून टाइप करणाऱ्या माणसाची सगळी भिस्त या कळफलकावर असते.

मुखपृष्ठावर सरकणारी 'ताज्या घडामोडी'ची पट्टी ही आपल्या सरकारी संकेतस्थळांची जुनी हौस आहे. तिच्याशेजारी 'नवीन' असं लुकलुकणारं चिन्ह. पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणाऱ्या मजकुराला थांबवायची सोय असावी असा निकष आहे. मी म्हणतो ती पट्टी काढूनच टाका. सावकाश वाचणाऱ्याच्या हातून ती सुटते, कमी दिसणाऱ्याला ती सापडत नाही, आणि बाकीचे तिच्याकडे बघत नाहीत. पाच ओळींची साधी यादी तारखेसह द्या. पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांची फिरती माळ काढा असं सांगणं अवघड आहे हे मला माहीत आहे. निदान तिला थांबवण्याचं बटण द्या आणि ती सेवांच्या दुव्यांच्या खाली न्या.

रंगांचं मोजमाप ठरलेलं आहे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. तिरंग्यातला म्हणून वेबवर सर्रास वापरला जाणारा केशरी आणि पांढरा ही जोडी जेमतेम २.१ ला १ भरते. म्हणजे केशरी पट्टीवरची पांढरी अक्षरं, जी निम्म्या संकेतस्थळांच्या माथ्यावर असतात, ती निकषात बसतच नाहीत. गडद निळ्यावर पांढरं घ्या. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना, आणि उन्हात उभं राहून मोबाइल बघणाऱ्या सगळ्यांनाच त्याने बरं पडेल. मोबाइलवर दोन बोटांनी पान मोठं करण्याची सोय काही संकेतस्थळं बंद करून ठेवतात, ती उघडा. २०० टक्के मोठं केल्यावरही मजकूर कापला जाता कामा नये.

'सुगम्यतेचं चिन्ह' म्हणून कोपऱ्यात तरंगणारं एक तयार साधन विकलं जातं. एक ओळ घाला, संकेतस्थळ आपोआप निकषांत बसेल, असा दावा असतो. याला बळी पडू नका. असाच दावा करणाऱ्या 'ॲक्सेसीबी' या कंपनीला दिशाभूल केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. चित्राच्या आत अडकलेली अक्षरं बाहेर काढणं किंवा रकान्याला खरं नाव देणं, हे वरून लावलेल्या साधनाला खात्रीने जमत नाही. भिंतीला ओल आलेली असताना वरून डिस्टेंपर मारण्यातला तो प्रकार आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याकडे त्याचं स्वतःचं साधन असतंच, त्याला तुमचं दुसरं नको असतं. याच पठडीतलं आपलं 'स्क्रीन रीडर ॲक्सेस' नावाचं पान. अनेक सरकारी संकेतस्थळांवर ते एकाच जुन्या साच्यातून उतरवलेलं असतं आणि त्यात २०१७ मध्ये बंद झालेल्या 'विंडो-आइज' या स्क्रीन रीडरचं नावसुद्धा अजून सापडतं. ते पान काढा. त्या जागी संकेतस्थळाचा कोणता भाग अजून वापरता येत नाही, तो कधीपर्यंत दुरुस्त होईल आणि तोवर कोणाशी बोलायचं, हे प्रामाणिकपणे लिहा.

कर भरण्याचं पान

लोक संकेतस्थळावर येतात ते बहुधा कर भरायला, दाखला काढायला किंवा तक्रार करायला. म्हणून सगळ्यात जास्त वेळ अर्जांवर घालवा. प्रत्येक रकान्याचं नाव रकान्याबाहेर, कायम दिसणारं आणि संहितेत त्या रकान्याशी जोडलेलं हवं. रकान्याच्या आत फिकट अक्षरात लिहिलेलं नाव टाइप करायला लागताच नाहीसं होतं आणि मग माणूस विसरतो की इथे मालमत्ता क्रमांक टाकायचा होता की जुना ग्राहक क्रमांक. चूक झाली तर नुसती लाल चौकट नको. 'मोबाइल क्रमांक १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक टाकले आहेत' असं शब्दांत सांगा, आणि आधी भरलेलं पुसून टाकू नका. मराठी कळफलकावर टाइप करणारा माणूस ९८ असे देवनागरी अंक टाकणार. ते चालत नाहीत म्हणून अर्ज परतवणारी संकेतस्थळं आहेत. देवनागरी आणि रोमन दोन्ही अंक स्वीकारून आत बदलून घेणं हे काही अवघड काम नाही. तारीख दिनदर्शिकेच्या चौकटीतूनच निवडण्याची सक्ती करू नका, टाइप करू द्या. जन्मसाल १९५८ गाठायला किती वेळा मागे जायचं?

कॅप्चा हा स्वतंत्र अडथळा आहे. वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाका, हे अंध माणसाला सांगणं म्हणजे दारातूनच परत पाठवणं. ध्वनीचा पर्याय दिला तरी दृष्टी आणि श्रवण दोन्ही अधू असलेल्यांचा प्रश्न उरतोच. मोबाइलवर ओटीपी जाणारच असेल तर कॅप्चा कशासाठी? यंत्रांचा त्रास खरोखर होत असेल तर तो सर्व्हरच्या बाजूने रोखायचे उपाय आहेत, ते अभियंत्याला माहीत असतात. ओटीपीची आणि सत्राची मुदत मात्र वाढवा, किंवा संपण्याआधी वाढवून घेण्याची संधी द्या. ऐकत ऐकत अर्ज भरायला डोळसापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

बहिऱ्या नागरिकांसाठी एक साधी दुरुस्ती आहे. 'अधिक माहितीसाठी दूरध्वनी करा' असं लिहून त्यापुढे फक्त लँडलाइन क्रमांक देऊ नका. एसएमएस किंवा व्हॉट्सॲप क्रमांक आणि ईमेल द्या, आणि ते कोणीतरी रोज उघडतं याची खात्री करा. सर्वसाधारण सभेची किंवा स्वच्छता मोहिमेची चित्रफीत लावली तर मराठी उपशीर्षकं माणसाने तपासून टाका. महत्त्वाच्या सूचनांची, निदान पूर आणि साथीच्या वेळच्या, भारतीय सांकेतिक भाषेतली छोटी चित्रफीत करता आली तर उत्तम.

तपासणार कोण आणि पैसे कुठून?

वेव्ह, ॲक्स, लाइटहाउस ही मोफत साधनं चालवा; चित्राला मजकूर नाही, रंग फिका आहे, अशा चुका ती पटकन दाखवतात. मात्र पर्यायी मजकुरात 'फोटो १' लिहिलेलं असेल तर त्यांना ते चालतं. म्हणून शेवटची तपासणी संकेतस्थळ रोज कानाने, कळफलकाने, मोठ्या अक्षरांनी वापरणाऱ्या माणसांनीच करायची. तुमच्या गावात अशी माणसं आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांग नोंदले गेले, आणि नगरपरिषदेकडे पाच टक्के निधीच्या लाभार्थ्यांची नोंदवही तर असतेच. चार-पाच जणांना बोलवा, प्रत्येकाला एक काम द्या: कराची थकबाकी शोधा, जन्मदाखल्याचा अर्ज भरा, दिव्याची तक्रार नोंदवा. तुम्ही मध्ये बोलू नका, कुठे अडतात ते लिहून घ्या. आणि त्यांना मानधन द्या. सल्लागाराला देता तसं. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र दृष्टिहीनांच्या सुगम्यतेवर बरीच वर्षं काम करतं, त्यांच्यासारख्या जाणकारांशी बोलून घेणं फायद्याचं आहे.

मुख्याधिकाऱ्यांकडे येऊ. निविदेत 'संकेतस्थळ सुगम्य असावं' एवढं लिहिलं तर कंत्राटदार एक पान जोडून मोकळा होतो. त्याऐवजी लिहा: जीआयजीडब्ल्यूची तिसरी आवृत्ती आणि डब्ल्यूसीएजी २.१ ची एए पातळी. कर भरणं, दाखले, तक्रार या सेवा कळफलक आणि एनव्हीडीए यांवर शेवटच्या पावतीपर्यंत चालवून दाखवणं. दिव्यांग वापरकर्त्यांच्या चाचणीनंतरच शेवटचं देयक. वार्षिक देखभालीत दर तिमाहीला पुन्हा चाचणी. आणि कंत्राट संपल्यावर सगळा मजकूर युनिकोडमध्ये परत. कर भरण्याचं पान दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर अटी तिलाही लागू करा. नाहीतर मुखपृष्ठ प्रमाणपत्र मिळवतं आणि पैसे भरायच्या पानावर माणूस अडकतो. केंद्राच्या 'एसटीक्यूसी'कडून संकेतस्थळाचं गुणवत्ता प्रमाणपत्र घेता येतं. छोट्या नगरपरिषदेने स्वतंत्र बांधणी करण्याआधी केंद्र सरकारच्या एनआयसीच्या 'एसथ्रीवास' या तयार मंचाची चौकशी करावी. जिल्ह्यांची संकेतस्थळं त्यावर चालतात आणि त्याच्या पूर्ण नावातच 'सुगम्य' आहे. अर्थात तिथेही तुम्ही स्कॅन चढवलं तर ते स्कॅनच राहतं.

शेवटी ज्यांना या संकेतस्थळावर रोज अडायला होतं त्यांच्यासाठी. तक्रार करताना 'संकेतस्थळ चालत नाही' असं मोघम लिहू नका. कोणतं पान, कोणता दुवा, मोबाइल की संगणक, कोणता स्क्रीन रीडर, कोणत्या पायरीवर काय झालं, हे लिहा. जमलं तर पडद्याचं चित्रमुद्रण जोडा. नगरपरिषदेत अशा तक्रारी कोणता अधिकारी घेतो ते विचारा आणि अर्ज त्याच्याकडे द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. त्यांना चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. अर्जासोबत त्या कोऱ्या निघालेल्या पीडीएफचा दुवा आणि ती उघडल्याची तारीख जोडायला विसरू नका, कारण तक्रार पोचताच ती फाइल बदलली जाण्याची शक्यता बरीच असते.